आजोबांचा किनारा, नातीचा किनारा

नमस्कार श्रोतेहो. आजोबा म्हणतात, "वाळू केवढी कमी झाली!" नात म्हणते, "छे, भरपूर आहे की!" आणि दोघंही खरंच बोलत असतात, कारण समुद्रकिनारा जसा आपण पहिल्यांदा पाहिला, त्याच्याशीच प्रत्येक जण आजची तुलना करतो.

हा विषय निघाला की फोटोंची एक हकिकत सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. अमेरिकेत फ्लोरिडाच्या टोकाला, बेटावर, 'की वेस्ट' नावाचं शहर आहे. हौशी मंडळी तिथे भाड्याच्या बोटीतून मासे धरायला जातात, धक्क्यावर परततात, सगळ्यांत मोठा मासा फळीवर टांगतात आणि शेजारी उभं राहून फोटो काढतात. लॉरेन मॅक्लेनाकन या संशोधक बाईंनी १९५६ ते २००७ या काळातले असे फोटो शोधले आणि त्यांतले मासे मोजले. जुन्या फोटोंत माणसाच्या उंचीचे मासे. मग ते लहान होत जातात. शेवटी हातभरही नाहीत! सरासरी वजन सुमारे २० किलोवरून २.३ किलोवर. पण माणसांचे चेहरे बघा. हसू तेच, ऐट तीच. पुन्हा सांगतो: मासा २० किलोवरून अडीचच्याही खाली आला, आनंद तेवढाच राहिला. ज्यांनी मोठा मासा पाहिलाच नाही, त्यांना उणीव जाणवणार कशी?

  

मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं. प्रत्येक पिढी आपण सुरुवातीला पाहिलं तेच मूळ समजते आणि घट तिथून मोजते. वाळूचंही तसंच. किनाऱ्याला भिंत घातली की लाटा तिच्यावर आपटून पायथ्याची वाळू ओढून नेतात. नद्यांवर धरणं, म्हणून नवी वाळूही कमी येते. आजोबांच्या देखत पुळण गेली. नातीनं भिंतच पाहिली.

पण जुन्यांचं सगळंच प्रमाण मानू नका. "पूर्वी किनारा किती शांत होता," असं कुणी म्हणालं, तर विचारा, तेव्हा तिथे कोणाला येऊ देत नव्हते? दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन शहरात किनारे वंशानुसार वाटलेले होते. गोऱ्यांच्या वाळूवर कृष्णवर्णीयांना बंदी, भारतीयांनाही बंदी. ते सर्वांना खुले झाले १९८९ मध्ये. लहानपणी पाटी वाचून मागे फिरलेल्या तिथल्या एखाद्या आजीला आजच्या गर्दीबद्दल विचारा. तिला ती हवीच होती.