नळीतला बर्फ आणि नदीतलं पाणी

मंडळी, कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा डोंगराचं ऋतुमान आपल्या उलट. तिथे नोव्हेंबर ते मार्च ओला आणि उन्हाळा ठणठणीत कोरडा. शेताला पाणी लागतं तेव्हा आभाळात काही नसतं. डोंगरावरचा बर्फ वितळून येईल तेच. राज्याच्या वापराचं साधारण 30 टक्के पाणी असं येतं. म्हणून 1 एप्रिलच्या सुमारास, साठा सर्वांत जास्त असताना, तो मोजतात.

बर्फ किती फूट साचला, याला फारसा अर्थ नाही. ताज्या भुसभुशीत बर्फाच्या दहा इंचांत जेमतेम एक इंच पाणी असतं. एप्रिलमधल्या दबलेल्या बर्फाच्या तेवढ्याच थरात चार इंच. म्हणून बर्फ तोलायचा. त्यासाठीची नळी बनवली जेम्स चर्च यांनी, आणि ते होते नेवाडा राज्यातल्या रिनो शहरच्या विद्यापीठात लॅटिनचे प्राध्यापक! नळीच्या तोंडाचा व्यास 1.485 इंच. हा विचित्र आकडा मुद्दाम निवडलाय: या मापाला एक इंच पाण्याचं वजन बरोबर एक औंस भरतं. ताणकाट्यावरचे औंस म्हणजेच इंच, वहीत गुणाकार नको.

आट्यांनी जोडलेली नळी आधी सावलीत गार करायची. उन्हात तापलेली असेल तर बर्फ आत वितळून परत गोठतो, भिंतीला चिकटतो. मग ती सरळ उभी खुपसायची, खोली वाचायची आणि तळाशी पिळून तोंडाचे दाते मातीत रुतवायचे. मातीचं बूच बसलं नाही तर तळाचा साखरेसारखा रवाळ बर्फ उचलताना गळून जातो. ते बूच चाकूने काढायचं, त्याची लांबी खोलीतून वजा करायची, मग तोलायचं. भरलेल्या आणि रिकाम्या नळीच्या वजनातला फरक 24 औंस, खोली 60 इंच, तर घनता 40 टक्के. नळीतली बर्फाची कांडी खोलीच्या मानाने फारच आखूड निघाली तर मधल्या बर्फाच्या पापुद्र्याने तोंड बुजलंय. ते माप टाकून शेजारी दुसरं घ्यायचं. ठरलेल्या ओळीत अशी बरीच मापं घेऊन सरासरी काढतात.

1 एप्रिल 2015 ला सिएरातल्या फिलिप्स स्टेशन या ठिकाणच्या मोजणीत नळी खुपसायला बर्फच नव्हता. गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी तिथेच गवतात उभं राहून शहरांना 25 टक्के पाणीकपात जाहीर केली. राज्यभरचा साठा सरासरीच्या 5 टक्के होता. 2023 मध्ये तोच 200 टक्क्यांच्या वर!

माझ्या मते खरा धडा 2021 चा आहे. बर्फ सरासरीच्या सुमारे 60 टक्के होता. वाईट, पण भयंकर नाही. तरी एप्रिल ते मे महिनाभरात सॅक्रामेंटो नदीच्या खोऱ्यात येणाऱ्या पाण्याचा अंदाज जवळपास 7 लाख एकर-फुटांनी घसरला. म्हणजे सुमारे 30 टीएमसी, पुण्याची चारही धरणं काठोकाठ भरतील एवढं! बर्फ तोलण्यात चूक नव्हती. आदल्या वर्षीच्या कोरड्या हंगामाने जमीन तहानलेली होती, त्यात वसंत लवकर तापला. वितळलेलं पाणी आधी मातीने प्यायलं, काही हवेत गेलं.

नळीतलं मातीचं बूच बघून ही तहान कळत नाही. वितळ लागलेली असल्यामुळे वरची माती ओलीच लागते. कोरड खाली असते. म्हणून ओलावा मोजणारे सेन्सर वेगवेगळ्या खोलीवर पुरावे लागतात, आणि त्यांचे आकडे पहिला बर्फ पडण्याआधीपासून, ऑक्टोबरपासूनच, बघावे लागतात.