बाळ गुटगुटीत आहे पण ओठ निळे

नमस्कार मंडळी, आज जरा नाजूक विषय आहे, नवजात बाळाच्या हृदयातले जन्मजात दोष, आणि त्यातलाही एकच घेतो म्हणजे नीट बोलता येईल. ट्रान्सपोझिशन, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल. साधारण ३ ते ५ हजार बाळांत एखाद्याला असतो. यात होतं काय, तर शरीरातून आलेलं अशुद्ध रक्त फुफ्फुसात न जाता परत शरीरातच जातं, आणि फुफ्फुसातलं शुद्ध रक्त फिरून फुफ्फुसातच. पोटात असताना काही बिघडत नाही कारण ऑक्सिजन नाळेतून मिळतो, वजनही छान भरतं, म्हणून तर घरचे म्हणतात अहो एवढं गुटगुटीत बाळ, त्याला काय होतंय!

जन्मानंतर शुद्ध आणि अशुद्ध रक्त एकमेकांत मिसळण्याची सगळी भिस्त दोन वाटांवर, हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधलं छोटं छिद्र आणि डक्टस नावाची नळी. ही नळी पहिल्या दोनतीन दिवसांत आपोआप मिटायला लागते आणि मग घात होतो. हातपाय निळसर दिसणं पहिल्या दिवसांत नॉर्मल असतं, पण जीभ आणि ओठ आतून निळे असतील तर थंडी वाजली असेल म्हणून दुपट्यात गुंडाळून बसू नका. सावळ्या बाळात तर निळेपणा पटकन कळतही नाही, त्यासाठीच पल्स ऑक्सिमीटर, रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत मोजणारा. कोरोनात घेतलेला घरातला चिमटा इथे चालत नाही हं, तान्ह्यांचा पट्टीवाला वेगळा येतो. चोवीस तास झाले की उजव्या हाताला आणि एका पायाला लावायचा, दोन्हीकडे ९५ किंवा जास्त आणि फरक ३ पेक्षा जास्त नाही तर ठीक, कुठेही ९० च्या खाली आलं तर ताबडतोब इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. काही दोष यातूनही निसटतात, उदाहरणार्थ महाधमनी अरुंद असणं, म्हणून मांडीतली नाडीसुद्धा बघायची असते.

निदान झालं, किंवा नुसता दाट संशय आला, तरी प्रोस्टाग्लँडिनचं ड्रिप सुरू करतात, त्याने नळी उघडी राहते. नुसत्या ऑक्सिजनवर बाळ शहरात पाठवणं मला अजिबात पटत नाही. पण या औषधाने श्वास थांबू शकतो, म्हणून ॲम्ब्युलन्समध्ये श्वास देता येणारा माणूस हवाच. छिद्र अपुरं असेल तर पायाच्या किंवा नाळेच्या शिरेतून फुगा नेऊन ते मोठं करतात, ही युक्ती डॉक्टर रॅशकिंड यांनी १९६६ मध्ये अमेरिकेत दाखवली, छाती न उघडता!

खरा इलाज मात्र स्विच ऑपरेशन, ब्राझीलचे सर्जन जाटेने यांनी १९७५ मध्ये यशस्वी केलेलं. दोन्ही वाहिन्या कापून जागा बदलायच्या आणि हृदयाला रक्त देणाऱ्या कोरोनरी, ज्या एकदोन मिलिमीटरच्या असतात, त्याही उचलून नव्या जागी शिवायच्या, खरं कसब तिथेच. शक्यतो पहिल्या दोनतीन आठवड्यांतच करतात, उशीर झाला तर डावा कप्पा कमी दाबाला सरावतो, त्याचे स्नायू पातळ होतात आणि नंतर त्याला शरीराचा भार पेलवत नाही.

खर्चाचं म्हणाल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, जो २०१३ मध्ये आपल्या पालघरहूनच सुरू झाला, त्यात जन्मजात हृदयविकार येतो. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, पण बाळ निळं असेल तर आधी बाळ हलवा, कागदपत्रं मागून कुणीतरी घेऊन येईल.