एका वेळी एक घाणा

(संक्रांतीच्या हळदीकुंकवाला परभणीत बायकांसमोर बोलले, ते रेकॉर्डिंगवरून उतरवून काढलंय. माईकची खरखर आणि मधला गोंधळ तेवढा वगळलाय, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

नमस्कार बायांनो. तिळगूळ मागच्या रांगेपर्यंत पोचला का बघा बरं आधी. मला पस्तीस मिनिटं दिलीत आणि विषय छापलाय "चायनीज कढईतले भात आणि भाज्या", तर ते चायनीज वाचून आमच्या शेजारच्या काकू म्हणल्या मी काही येत नाही, मला त्या सॉसचा वास सोसत नाही. त्यांना हाताला धरून आणलंय, त्या बघा तिसऱ्या रांगेत. काकू, सॉसची बाटली आज आणलेलीच नाही. आज बोलायचंय कढईबद्दल, जाळाबद्दल आणि पाण्याबद्दल. पाण्याबद्दल जास्तच.

वोक हा शब्द कँटोनीज भाषेतला, म्हणजे हाँगकाँग-ग्वांगदोंगकडचा. आपल्या भांडेवाल्याकडे जाऊन वोक मागितलं तर तो तोंडाकडे बघत बसेल, चायनीज कढई म्हणा, लगेच वरच्या फळीवरून काढून देईल. लोखंडी पत्र्याची, पातळ, गोल बुडाची, एका बाजूला लांब दांडा. आपली लोखंडी कढई तिच्याहून जाड, आणि बिडाची त्याहून जाड. बिडाची म्हणजे ओतीव लोखंडाची बरं का, बीड जिल्ह्यातली नव्हे, बीडच्या वहिनी लगेच मान वर करून बघायलेत! पातळ पत्रा झटकन तापतो आणि झटकन निवतो, जाड लोखंड सावकाश तापतं पण तापलं की धरून ठेवतं. मी दोन्हीत करते, दोन्हीत होतं. नवीन कढई घ्यायलाच पाहिजे असं माझं बिलकुल म्हणणं नाही, आठवडी बाजारात लोहाराकडून घेतलेली आजीची कढई माळ्यावर असेल तर ती उतरवा.

आणि हे भांडं आपल्याला काही परकं नाही. चीनमध्ये हान राजवटीच्या थडग्यांत मातीच्या चुलींच्या लहान लहान प्रतिकृती सापडल्यात, म्हणजे पार 2000 वर्षांपूर्वीच्या. वरती गोल भोक, त्यात भांडं बसवलेलं, खाली जाळ. आता आपली चूल डोळ्यापुढे आणा. गोल बुडाची कढई चुलीवर कशी घट्ट बसायची आणि जाळ सगळ्या बाजूनं कसा चाटायचा, हे इथल्या निम्म्याअधिक जणींनी लहानपणी बघितलेलं आहे.

आता मला हे कसं सुचलं ते सांगते, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

2016 चा उन्हाळा. आम्ही तेव्हा लातूरला. लातूरच्या कोणी आहेत का इथं? हां, मग तुम्हाला सांगायलाच नको. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लागली होती आणि 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, जलदूत, पहिल्या खेपेला 10 वाघिणी, जवळपास 5 लाख लिटर. आमच्या घरात अकरा माणसं, टाकी कोरडी, टँकरची वाट बघायची, आणि मला सगळ्यात जास्त राग यायचा तो खरकट्या भांड्यांचा, कारण एक पातेलं घासायचं म्हणजे तांब्याभर पाणी जाणार आणि ते पाणी डोळ्यासमोर मोरीत जायचं. म्हणून मी ठरवलं की एका भांड्यात होईल तेवढाच स्वयंपाक करायचा आणि भांडं असं घ्यायचं की घासावंच लागणार नाही. लोखंडी कढई गरम असतानाच फडक्यानं पुसून घेतली की झालं. माझ्या घरात चायनीज कढई शिरली ती अशी, टीव्हीवर बघून नाही.

तर जाऊबाईंच्या पोरांनी सुट्टीत धोशा लावला, काकू फ्राईड राईस कर, गाडीवरच्यासारखा. मी म्हणलं करू. दोन-अडीच किलो भाज्या, कोबी, गाजर, ढोबळी, श्रावणघेवडा. पाणी वाचवायचं म्हणून सगळ्या भाज्या चिरून एकाच पातेल्यात बुचकळून काढल्या आणि निथळायला वेळ न देता तशाच ओल्या कढईत घातल्या. सगळ्या एकदम, वर मीठ. गॅस एकदम मोठा. पाच मिनिटं झाली, सात झाली, परतायचं राहिलं बाजूला, कढईत खालून पाणी वर यायला लागलं, कोबी त्यात पोहायला लागला. मी उलथन्यानं ढवळतेय आणि ते आणखी सुटतंय. वर गरम गरम भात ओतला, त्याचा पार गोळा झाला. पोरं ताट घेऊन बसलेली, कोणी काही बोलेना.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, उंबऱ्यात बसून लसूण सोलत होत्या. त्यांनी आयुष्यात कधी चायनीज खाल्लेलं नव्हतं. उठून आल्या, कढईत वाकून बघितलं आणि म्हणल्या, "नळाला आठ दिवस नाही ते तुझ्या कढईत आलं की माय."

सगळे हसले तसे तुम्हीही हसलात, पण त्यांचं खरं बोलणं त्याच्या पुढचं आहे आणि मी आज जे सांगायला आलेय ते तेवढंच आहे. त्या म्हणल्या, "भजे काढतीस तवा सगळं पीठ एकदाच वततीस का? घाणा घाल. एक निघाला की तेलाला परत आच येऊ दे, मग दुसरा."

घाणा! बघा, शब्द आपल्याकडे आहे. भज्यांना आहे, पुऱ्यांना आहे, शंकरपाळ्यांना आहे. दिवाळीत कोणतीही बाई कढईत मावतील तेवढ्या पुऱ्या एकदम सोडत नाही, तिला कोणी शिकवलेलं नसतं पण माहीत असतं की तेल थंड पडलं की पुरी तेल पिते. मग भाजी परतताना हे ज्ञान कुठं जातं? भाजी आपण सगळी एकदम टाकतो, झाकण ठेवतो आणि वर ताटात पाणी ओततो. कालवण करायचं असेल तर ठीकच आहे ते, वांग्याच्या रश्श्याला तसंच पाहिजे. पण आपण त्याला परतणं म्हणतो आणि प्रत्यक्षात उकडत असतो, हे माझं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी मी वाटी-दीड वाटीचे घाणे घातले. प्रत्येक घाणा दीड-दोन मिनिटांचा, सात घाणे झाले, घाम निघाला, पण त्या भाजीला जो वास आला ना... हुरड्याला गेलात की आगटीतून कणीस काढून चोळताना जो धुराचा, करपायच्या जरा अलीकडचा वास येतो, तसा. कँटोनीजमध्ये त्याला वोक हेई म्हणतात, हेई म्हणजे श्वास, कढईचा श्वास. मला ते नाव नंतर कळलं. आत्याबाई नुसत्या म्हणल्या, आता खमंग झालं.

आता थोडा हिशोब सांगते, कंटाळू नका. कोबीत शंभरातले 92 भाग पाणी. टोमॅटोत त्याहून जास्त. पाणी 100 डिग्रीला उकळतं आणि कढईत पाणी साठलंय तोवर त्यातली भाजी 100 च्या वर जात नाही, तुम्ही गॅस कितीही मोठा करा. आणि खमंगपणा, तो तपकिरी डाग, तो यायला साधारण 140 च्या पुढं जावं लागतं. 1912 साली मायार नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं ही क्रिया पहिल्यांदा मांडली, त्याच्याच नावानं ती ओळखली जाते, भाकरीवरचे डाग, भाजलेले शेंगदाणे, कांद्याचा रंग, सगळ्यात ती आहे. म्हणजे आधी पाणी उडायला पाहिजे. आणि पाणी उडवणं लई महाग काम आहे. घरातल्या गार पाण्याला उकळी आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सहापटीहून जास्त उष्णता त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला लागते. आपल्या शेगडीचा मोठा बर्नर साधारण 2 किलोवॅटचा, त्यातलीही बरीच उष्णता कढईच्या कडेनं हवेत जाते. मी मांडून बघितलं, अर्धी वाटी म्हणजे 100 ग्रॅमच्या आसपास पाणी पूर्ण उडवायला त्याला तीन मिनिटं लागतात. मी त्या दिवशी कढईत घातलं होतं दोन किलोहून जास्त! तासभर उभी राहिले असते तरी काही झालं नसतं. हॉटेलातल्या बर्नरची ताकद आपल्या दहापट, कधी त्याहूनही जास्त, त्याला चालतं. आणि म्हणून पोरं म्हणतात गाडीसारखा हायप्रेशर रेग्युलेटर बसवू, तर ते अजिबात करू नका, हात जोडून सांगते. घरातल्या 14.2 किलोच्या सिलिंडरचा रेग्युलेटर, त्याची नळी, त्याची शेगडी, हे सगळं कमी दाबासाठी बनवलेलं आहे. आपल्याला जाळ वाढवता येत नाही, पण घाणा लहान करता येतो.

चिठ्ठी आली का? दहा मिनिटं? अहो आत्ता तर सुरू झालंय... बरं बरं. वाण वाटायचंय, कळलं. मग पत्रिकेत छापलंय ते आता भराभरा सांगते, लिहून घ्या.

पहिलं, कढई. नवीन पत्र्याची असेल तर तिच्यावर गंज धरू नये म्हणून लेप असतो, तो एकदाच घासून काढा. मग मोठ्या जाळावर निळसर पडेपर्यंत तापवा, खिडकी उघडी ठेवून, आणि फडक्यानं तेलाचा पुसट हात फिरवा, पुन्हा तापवा, पुन्हा हात. तीन-चार वेळा तेल पाजलं की तेलाचा घट्ट थर बसतो, त्यानंतर चिकटत नाही. नॉनस्टिक यासाठी वापरू नका, 260 डिग्रीच्या पुढं तो थर बिघडायला लागतो आणि त्याचा धूर वाईट. इंडक्शनवाल्यांनी सपाट बुडाची घ्यावी, गोल बुडाला तिथं आच लागत नाही.

दुसरं, तेल. परभणीत उभं राहून करडईविरुद्ध मी कशी बोलेन, आपल्या कृषी विद्यापीठानं परभणी कुसुमसारखं करडईचं वाण दिलंय. पण लाकडी घाण्याचं कच्चं करडईचं तेल मोठ्या आचेवर लवकर धुरावतं आणि कडवट होतं. परतायला रिफाइंड घ्या, करडईचं किंवा शेंगदाण्याचं, आणि घाण्याचं तेल शेवटी गॅस बंद केल्यावर चमचाभर वरून. मग त्याचा खरा वास राहतो.

तिसरं, भाजी. आदल्या रात्री धुवून फडक्यावर पसरा. कढईत पाण्याचा थेंब टाकला की तो नाचत पळाला पाहिजे, मग तेल, मग भाजी. गाजर-घेवड्याचा घाणा वेगळा, कोबीचा वेगळा, कांद्याची पात सगळ्यात शेवटी. घातल्यावर लगेच ढवळू नका, वीस-तीस सेकंद तसंच राहू द्या, खाली डाग पडू द्या, मग उलथा. मीठ शेवटी, ते आधी घातलं की पाणी ओढून काढतं. गवार अशी करून बघा, कोवळी, कोरडी, दोन मूठ, ती अंगावर फोड आल्यासारखी दिसायला लागली की लसणाचा ठेचा घाला आणि गॅस बंद. येसर किंवा काळा मसाला घालायचा तर तोही तेव्हाच, नाहीतर जळतो. ज्यांना सोया सॉस चालतो त्यांनी तो भाजीवर न ओतता कढईच्या कडेनं सोडावा, गरम लोखंडाला लागून तो खमंग होतो.

चौथं, भात. याच्यावर मला खरं तर वीस मिनिटं पाहिजे होती. आपण भाकरीची माणसं, भात आपल्याकडे सणाला आणि पंगतीला, त्यामुळं तांदूळ कोणता याच्याकडे आपण फार बघत नाही. आंबेमोहोर, इंद्रायणी वरणासोबत छान पण परतायला चिकट, कोलम किंवा बासमती घ्या. शिजलेला भात गार होतो तेव्हा त्यातला स्टार्च घट्ट होतो, दाणा टणक होतो, म्हणून फोडणीचा भात शिळ्याचाच चांगला लागतो. पण शिळा म्हणजे ओट्यावर रात्रभर झाकून ठेवलेला नाही! हे ठळक लिहा. भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात गरम हवेत राहिला की ते वाढतात आणि त्यांचं विष नंतर कितीही परतलं तरी जात नाही. आपल्याकडचा मे महिना आठवा. भात ताटात पसरा, पंख्याखाली निववा, तासाभरात फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी गुठळ्या हातानं मोकळ्या करायच्या. आणि इथंही घाणाच, दोन माणसांपुरता. भात कढईच्या अंगावर दाबून पसरायचा, तडतडायला लागला की उलथायचा, भाज्या सगळ्यात शेवटी परत आत. शेंगदाणे, कडीपत्ता, हिरवी मिरची, घाण्याचं तेल. झालं.

काय? हां, काकू विचारतात अकरा माणसांना घाणे घालत बसलं तर पहिल्याचं गार होतं त्याचं काय. काकू, भाज्यांचे घाणे आधी काढून ताटात ठेवायचे, ते गार झाले तरी चालतं. पंगत बसल्यावर फक्त भाताचे घाणे घालायचे, एक घाणा दोन ताटं, तीन-चार मिनिटांत पुढची दोन. आमच्याकडे पोरं आधी, मग पुरुष, आणि आत्याबाई मुद्दाम शेवटच्या घाण्याला बसायच्या, म्हणायच्या तोवर कढई खरी तापलेली असते.

बस, थांबते. मागच्या टेबलावर शेगडी मांडलीय, कढई तीच लातूरची आहे, हात लावून बघा पण तिला साबण लावू नका कोणी. रात्रीचा भात घरून बर्फाच्या डब्यात आणलाय. ज्यांना बघायचंय त्यांनी वाण घेऊन तिकडं या, सगळ्या एकदम नका येऊ, चौघी चौघी या.