धुराशिवाय समृद्धी?

श्रोतेहो, नमस्कार.

३० सप्टेंबर २०२४ रोजी इंग्लंडमधलं रॅटक्लिफ-ऑन-सोअर हे वीजकेंद्र बंद झालं. तिथले आठ अजस्र मनोरे पन्नासहून अधिक वर्षं आकाशात वाफ सोडत होते. त्या दिवसापासून ब्रिटनमध्ये कोळशावर वीज बनणं थांबलं. लंडनमध्ये १८८२ साली कोळशावरची वीज लोकांना पुरवायला सुरुवात झाली होती. कोळशाच्या जोरावर औद्योगिक क्रांती घडवणाऱ्या देशाने १४२ वर्षांनी ती भट्टी विझवली, ही बातमी ऐकून मी खरोखर हरखलो होतो.

मग ब्रिटन गरीब झाला का? नाही. १९९०च्या तुलनेत तिथलं कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन जवळपास निम्म्यावर आलं आणि अर्थव्यवस्था मात्र दीडपटीहून मोठी झाली.

तरी सगळ्यांना एकच माप लावणं अन्यायाचं होईल. गरीब देश वर यायचा तर आधी रस्ते, घरं, पूल हवेत. म्हणजे सिमेंट आणि पोलाद आलं. चुनखडी भाजली की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, इंधनाचा धूर वेगळाच. म्हणून चढणीच्या काळात उत्पन्न आणि उत्सर्जन हातात हात घालून वाढतात. चीनचं हेच झालं. भारतात आज माणशी उत्सर्जन वर्षाला दोन टनांच्या आसपास आहे, अमेरिकेत चौदाच्या. त्या दोन टनांतल्या माणसाला ‘थांब’ कोणत्या तोंडाने सांगायचं?

पण चढण संपल्यावर काय होतं, ते पैशापेक्षा इंधनावर ठरतं. फ्रान्स आणि जर्मनी शेजारी, दोघेही सधन. १९७३च्या तेलसंकटानंतर फ्रान्स अणुविजेकडे वळला. जर्मनी कोळशाला धरून राहिला. आज जर्मन माणसामागचं उत्सर्जन फ्रेंच माणसाच्या दीडपटीहून जास्त आहे.

एक गोष्ट मात्र मला सलते. देशाचं उत्सर्जन मोजताना धूर जिथे निघाला तिथे त्याची नोंद होते. पोलाद चीनमध्ये वितळतं, वापरलं जातं युरोपात, आणि धूर चीनच्या नावावर. आयात मालाचा हिशेब धरला तरी ब्रिटनचं उत्सर्जन घटलेलंच दिसतं, पण घट बरीच लहान होते. आता युरोपीय संघाने आयात पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम आणि खतांमागचा कार्बन मोजायला सुरुवात केली आहे. त्याची किंमत आयातदार भरेल, पण झळ माल बनवणाऱ्या देशांनाही लागेल, आणि त्यांत चढणीवरचे देश कितीतरी आहेत.