शीआनमधला रिकामा वाडगा

श्रोतेहो, आदाब आणि नमस्कार.

परदेशी निघालं की आमच्या घरात पहिला सवाल एकच: तिथं हलाल मिळेल का? चीनला जाताना बहिणीने दोन डबे चिवडा बांधून दिला. त्यातला एक तसाच परत आला. कारण चिनी पाटीवरची दोन अक्षरं ओळखता आली की काम होतं. उच्चार छिंगचन, अर्थ निर्मळ आणि खरं; म्हणजेच हलाल. पहिल्या अक्षराच्या डाव्या अंगाला पाण्याचे तीन थेंब असतात. मात्र नुसत्या थेंबांवर जाऊ नका, ते इतर अक्षरांतही येतात. दोन्ही अक्षरांचा फोटो फोनमध्ये ठेवा. परत सांगतो, छिंगचन.

चिनी सम्राटाच्या कबरीजवळ पुरलेल्या मातीच्या सैनिकांसाठी लोक शीआन शहरात जातात. मी नि बायकोही गेलो. (सैनिक बघायचे नि जेवायला पंजाबी हॉटेल शोधायचं, हे मला कधी पटलेलं नाही.) तिथे नगारा-मनोऱ्यामागे हुई, म्हणजे चिनी बोलणाऱ्या मुसलमानांची जुनी वस्ती आहे. तिथल्या मोठ्या मशिदीला घुमट नाही, मिनार पॅगोड्यासारखा.

तर, त्या गल्लीत जेवायला बसलो. पोऱ्याने दोघांपुढे एकेक रिकामा वाडगा आणि दोन-दोन पांढुरक्या रोट्या ठेवल्या, नि गेला. आम्ही रश्श्याची वाट बघतोय. पाच मिनिटं, दहा मिनिटं. भूक लागलेली. मी रोटीचा लचका तोडला. दगड! चहात बुडवून कशीबशी एक संपवली. शेजारच्या टेबलावर डोक्याला रुमाल बांधलेली एक आजी बघत होती. ती उठली, माझ्या हातातली दुसरी रोटी काढून घेतली आणि नखांनी कुस्करायला लागली. सोयाबीनच्या दाण्याएवढे तुकडे! मी चार केले; तिने मान हलवली. अजून बारीक. अर्धा तास आम्ही कुस्करत होतो. मग पोऱ्याने वाडग्यांना नंबराचे बिल्ले लावून ते आत नेले, आणि त्याच तुकड्यांवर मटणाचा उकळता रस्सा, शेवया घालून परत आणले. याचं नाव पाओमो. बिल्ला कशाला? ज्याने कुस्करलं, त्याचाच वाडगा त्याच्यापुढे यावा म्हणून.

बायकोचा वाडगा घट्ट, भरगच्च. माझा नुसता रस्सा, कारण एक रोटी आधीच पोटात.

"रत्नागिरीत भाकरी कुस्करून हेच खातो की," बायको म्हणाली, "विमानाचं भाडं कशाला भरलं?"

आजीने माझ्या वाडग्यात डोकावून पाहिलं आणि तिच्या बशीतला गोड मुरवलेला लसूण मुकाट्याने माझ्याकडे सरकवला.