अंधाऱ्या पडद्यावरचा आवाज

श्रोतेहो, नमस्कार.

गुड फ्रायडेला जोडून शनिवार-रविवार आले आणि बरेच दिवस बघायचा राहून गेलेला आफ्रिकेतल्या रवांडा या देशात १९९४ साली झालेल्या नरसंहारावरचा ‘हॉटेल रवांडा’ हा २००४ सालचा चित्रपट आम्ही घरात सगळ्यांनी मिळून पाहिला. सुट्टीत असलं काही कशाला लावता, असा सूर निघाला, तो मला समजतो. पण त्या देशात ईस्टर आणि तो नरसंहार यांच्यात मोजून तीन दिवसांचं अंतर होतं. १९९४ साली ईस्टरचा रविवार ३ एप्रिलला आला होता. रवांडा तेव्हा बहुसंख्य कॅथलिकांचा देश होता. हुतू आणि तुत्सी या तिथल्या दोन जमाती, एकाच चर्चमध्ये, एकाच भाषेत प्रार्थना म्हणणारे. बुधवारी, ६ एप्रिलच्या रात्री, राष्ट्राध्यक्ष हाब्यारिमाना यांचं विमान राजधानी किगालीवर पाडलं गेलं आणि रातोरात रस्त्यांवर कट्टर हुतू टोळ्यांची नाकी उभी राहिली. पुढच्या शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली. बहुतेक तुत्सी, आणि या कत्तलीला विरोध करणारे हुतूसुद्धा.

आधीच्या दंगलींत चर्चमध्ये शिरलेला माणूस वाचत असे. म्हणून याही वेळी लोक लेकराबाळांना घेऊन चर्चकडे धावले. न्यामाता आणि न्तारामा इथल्या चर्चमध्ये त्यांना हजारोंनी मारण्यात आलं. न्यांगे गावात तर आत दीड हजारांच्या आसपास माणसं असताना चर्चच बुलडोझरनं पाडलं गेलं. त्या गुन्ह्यात तिथल्या धर्मगुरूला पुढे जन्मठेप झाली.

चित्रपट यातलं फारसं दाखवत नाही. तो किगालीतल्या ‘मिल कोलीन’ या हॉटेलात आसरा घेतलेल्या बाराशेहून अधिक लोकांची गोष्ट सांगतो. रक्तपात पडद्यावर कमी आहे. धुक्यातल्या रस्त्यावर गाडी अचानक हादरे खाऊ लागते आणि चाकांखाली काय आहे ते कळतं, तेवढा एक प्रसंग पुरतो. या लोकांना वाचवणारा नायक म्हणून हॉटेलचे व्यवस्थापक पॉल रुसेसाबागिना यांचं केलेलं चित्रण मात्र वादात सापडलं. हॉटेलात वाचलेल्यांपैकी काहींनीच ते नाकारलं. पुढे रुसेसाबागिना रवांडाच्या सरकारचे कडवे टीकाकार झाले, २०२१ मध्ये किगालीच्या न्यायालयानं त्यांना दहशतवादाच्या आरोपांखाली २५ वर्षांची शिक्षा दिली आणि २०२३ मध्ये त्यांची सुटका झाली. एका माणसाला नायक करण्याच्या नादात चित्रपटानं इतरांचं श्रेय झाकलं, असं मलाही वाटतं.

पण सुरुवात त्यानं अचूक केली आहे, आणि मला आज तुमच्याशी बोलायचं आहे ते त्याच सुरुवातीबद्दल. पडदा काळा असतो. चित्र नाही, माणूस नाही. फक्त रेडिओवरचा आवाज, आणि तो आवाज श्रोत्यांना संबोधून आपण तुत्सींचा द्वेष का करतो ते सांगत असतो. मीही या क्षणी तुमच्याशी तसाच बोलतो आहे. मी तुम्हाला दिसत नाही, आणि तरी तुम्ही मला घरात घेतलं आहे. म्हणून तो आवाज ऐकताना माझ्या अंगावर काटा आला.

हे रेडिओ केंद्र काल्पनिक नव्हतं. आरटीएलएम या नावानं ते १९९३ मध्ये सुरू झालं. सरकारी केंद्राच्या रटाळ निवेदनांनंतर लोकांना ते आवडलं, कारण तिथं गाणी होती, थट्टा होती, तरुणांची बोली होती. आणि गाण्यांच्या अधेमधे तुत्सींना झुरळं म्हटलं जायचं. कत्तल सुरू झाल्यावर त्याच केंद्रावरून माणसांची नावं वाचली गेली, गाड्यांचे नंबर सांगितले गेले, कोण कुठं लपलं आहे त्याचा पत्ता दिला गेला. नाक्यांवरच्या टोळ्यांच्या एका हातात कोयता असे आणि दुसऱ्या हातात ट्रान्झिस्टर. आपल्याकडेही गावोगाव ‘रेडिओवर सांगितलं’ म्हटलं की वाद मिटायचा. श्रोत्यांच्या त्याच भरवशाचा तिथं शस्त्रासारखा वापर झाला.

हे थांबवता आलं असतं का? प्रक्षेपण विमानातून जॅम करण्याचा पर्याय अमेरिकेत मांडला गेला होता. मे १९९४ मध्ये तिथल्या संरक्षण खात्यानं तो नाकारला. कायद्याच्या अडचणी सांगितल्या आणि खर्चही लिहिला: उड्डाणाच्या तासाला सुमारे ८,५०० डॉलर. त्याआधी, २१ एप्रिलला, सुरक्षा परिषदेनं रवांडातलं शांतिसैन्य अडीच हजारांवरून २७० वर आणायचं ठरवलं होतं.

चित्रपटात एक परदेशी कॅमेरामन कत्तलीची दृश्यं टिपून आणतो. व्यवस्थापकाला आशा वाटते की हे पाहून जग धावून येईल. कॅमेरामन म्हणतो, लोक बघतील, हळहळतील आणि जेवत राहतील. पुढे परदेशी पाहुण्यांना न्यायला बस येते. पाऊस पडत असतो. मागेच राहणार असलेला हॉटेलचा एक नोकर त्याच कॅमेरामनच्या डोक्यावर छत्री धरतो, आणि कॅमेरामन शरमून जातो. आमचंही जेवण तेव्हा टीपॉयवर होतं. कुणी काही बोललं नाही, पण कुणाला घासही गेला नाही.

आरटीएलएमचे एक संस्थापक फर्दिनां नाहिमाना इतिहासाचे प्राध्यापक होते. २००३ मध्ये टांझानियातल्या अरुशा इथल्या, रवांडासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं त्यांना दोषी ठरवलं. शब्दांची ताकद तुम्हाला पुरती ठाऊक होती आणि हातात कोणतंही शस्त्र न घेता तुम्ही हजारोंचे जीव घेतलेत, अशा अर्थाचं न्यायाधीश बोलले. जन्मठेपेची शिक्षा अपिलात ३० वर्षांवर आली. प्राध्यापकानं हे करावं, याचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो.

घरात दहावी-बारावीची मुलं असतील तर त्यांना सोबत बसवून हा चित्रपट पाहा. बारमधल्या प्रसंगात कॅमेरामन शेजारी बसलेल्या दोन मुलींना त्यांची जमात विचारतो. एक हुतू निघते, एक तुत्सी, आणि त्याला दोघींत काहीच फरक दिसत नाही. मुलं विचारतील, मग मारणाऱ्यांना कसं कळायचं? तिथं चित्रपट थांबवा आणि सांगा, ओळखपत्रावरून. बेल्जियन राज्यकर्त्यांनी १९३०च्या दशकात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर जमात लिहायला लावली होती. ती नोंद १९९४ पर्यंत तशीच होती, आणि नाक्यावर पहिल्यांदा तेच कार्ड मागितलं जायचं.

नमस्कार.