कानातला रातकिडा

(पडदा काळा. पॉवरलूमचा खडखडाट. तो वाढत जातो आणि एकदम बंद होतो.)

लाइट गेली. इचलकरंजीत लाइट गेली की नवीन माणूस दचकतो, कारण इथे दिवसरात्र लूम चालू असतात आणि तो खडखडाट इथल्यांना ऐकूच येत नाही, थांबला की मात्र सगळ्या गल्लीला कळतं. माझी मावशी या गल्लीत ३५ वर्षं राहते, घराची मागची भिंत आणि लूमच्या शेडची भिंत एकच. ती म्हणते बाहेरची खडखड थांबली की माझ्या कानातलं सुरू होतं. कुंईईई. कधी रातकिडा किरकिरल्यासारखं, कधी कुकरची शिट्टी व्हायच्या आधी बारीक वाफ सुटते ना, तसं.

चार वर्षांपूर्वी पहिल्यांदा झालं तेव्हा तिला वाटलं फ्रीज वाजतोय. रात्री दोनला उठून तिनं फ्रीज बंद केला, मग इन्व्हर्टर बंद केला, मग काकांना हलवून उठवलं, अहो ऐका की, तुम्हाला येतोय का आवाज. काका ३० वर्षं लूमवर होते. त्यांना आता मावशीचा आवाजही दुसऱ्या हाकेला येतो, फ्रीजचं तर सोडाच.

सकाळपर्यंत गल्लीत बातमी गेली आणि औषधं यायला लागली. कापूस घाल. लसणाचं तेल कोमट करून घाल. पित्त असेल, मोरावळा खा. मीठ बंद कर. आणि सगळ्यांचं एकमत कशावर, तर चहा बंद कर. मावशीनं केला बंद, लग्नापासूनचा चहा, सकाळ-संध्याकाळचा. आठ दिवस डोकं धरून बसली होती, चिडचिड, कशात लक्ष नाही, आणि कान काय वाजायचा तो वाजतच होता.

चहाचा खरंच काही गुन्हा होता का, आणि नसेल तर मग कशाचा, हे बघायला मी कॅमेरा घेऊन तिच्याकडे गेले.

(कानाच्या आतलं चित्र.)

आधी हा आवाज येतो कुठून ते बघू. कानाच्या आत, हाडाच्या पोकळीत, गोगलगायीच्या शंखासारखी एक नळी आहे, कॉक्लिया. त्यात केसासारखे तुरे असलेल्या बारीक पेशी असतात, एका कानात साधारण १५ हजार. आवाजाच्या लाटेनं ते तुरे हलतात, त्याचा सिग्नल नसेतून मेंदूत जातो आणि आपण म्हणतो ऐकू आलं. या पेशी मेल्या की माणसात परत उगवत नाहीत, केस गळाले तर निदान विग तरी मिळतो. मग काही पेशी गेल्या आणि तिकडून सिग्नल कमी यायला लागला की मेंदू काय करतो, रेडिओचं स्टेशन नीट लागत नसलं की आपण व्हॉल्यूम पिळतो आणि गाण्याऐवजी खरखरच मोठी होते, तसंच काहीसं. म्हणजे शिट्टी कानात वाजतेय असं वाटतं, पण वाजवणारा बहुतेक वेळा वर बसलेला असतो.

१९५३ मध्ये अमेरिकेत हेलर आणि बर्गमन या दोघांनी ऐकणं नॉर्मल असलेल्या ८० माणसांना एकेक करून साउंडप्रूफ खोलीत बसवलं आणि विचारलं, काही ऐकू येतंय का. त्यातल्या ९४ टक्के जणांना काही ना काही ऐकू आलं, गुणगुण, शिट्टी, किरकिर. म्हणजे पूर्ण शांतता मिळाली तर थोडं वाजणं जवळपास सगळ्यांकडेच आहे. त्रास होण्याइतकं ठळक झालं, कायमचं झालं, की मग त्याला टिनिटस म्हणतात, आयुर्वेदात कर्णनाद. जुन्या वैद्यांनी तर भेरी, मृदंग, शंख असे कोणकोणते आवाज येतात तेही लिहून ठेवलंय. जगात ७४ कोटींहून जास्त मोठ्या माणसांना हे आहे असा अंदाज २०२२ साली निघाला.

आणि स्मेताना नावाच्या चेक संगीतकाराची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १८७४ साली त्याला बहिरेपण आलं, त्याआधी कानात आवाज सुरू झाले होते. दोन वर्षांनी त्यानं चार वाद्यांसाठी एक रचना लिहिली, छान रंगात आलेली शेवटची गत चालू असताना ती मध्येच थांबते आणि व्हायोलिनवर एकच उंच सूर लांबत राहतो. तो त्याच्या कानातला सूर. मावशीला मोबाइलवर ऐकवला. ती म्हणाली, माझं ह्याच्यापेक्षा बारीक आहे.

(दवाखाना.)

ईएनटी डॉक्टरांनी चहाबद्दल एक शब्द विचारला नाही, आधी कानात दुर्बीण घातली. दोन्ही कानांत मळ. उजव्या कानात तर पडद्यापर्यंत घट्ट बूच बसलेलं, त्यात ते लसणाचं तेल, त्यावर शेडमधून येणारी कापसाची धूळ, आणि हे सगळं हेअरपिननं कोरून कोरून आत ढकललेलं. कानातला मळ खरं तर आपोआप बाहेर येत असतो, आपण बड घालतो आणि त्याला परत आत लोटतो. पाच दिवस थेंब घालून तो मऊ केला, मग सक्शननं काढला. तपकिरी, गुळाच्या खड्यासारखा. मावशी बघतच बसली, म्हणाली हे माझ्यात होतं?

दडा सुटला, उजव्या कानाची शिट्टी निम्म्यावर आली. डावीकडची तशीच.

मग ऑडिओमेट्री. काचेची छोटी केबिन, कानाला हेडफोन, हातात बटण, बीप ऐकू आली की दाबायचं. मावशी दाबतच सुटली. बाहेर बसलेल्या मुलीनं आवाज सोडलेलाच नव्हता, ही आपल्या कानातल्या शिट्टीला बटण दाबत होती. ती मुलगी वैतागली नाही, तिला सवय असावी, तिनं सलग बीपऐवजी तुटक बीप द्यायला सुरुवात केली, मग जमलं. कागदावर ग्राफ आला तो ४००० हर्ट्झपाशी, म्हणजे बारीक, उंच आवाजांपाशी, खाली खड्ड्यात गेलेला. मोठ्या आवाजात वर्षं काढलेल्या कानाचा खड्डा बहुतेक त्याच आसपास पडतो. मावशीनं लूम कधी चालवला नाही, पण भिंत एकच.

टिनिटसमागे सगळ्यात जास्त वेळा सापडतं ते हेच, वय आणि आवाज. ८५ डेसिबल आठ तास चालतो असा हिशेब आहे, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होत जाते, म्हणजे १०० डेसिबलला १५ मिनिटं. पुण्यात विसर्जनाच्या मिरवणुकीत लक्ष्मी रोडवर १०० च्या वर आकडे मोजले गेलेत, आणि तिथे आपण १५ मिनिटं थांबतो का?

पण मला खाण्याकडे जायचंय, कारण मावशीच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये पुढची भानगड निघाली. बी१२ व्हिटॅमिन आलं १४८. लॅबच्या कागदावर कमीत कमी २०० हवं असं लिहिलेलं.

आता जोडून बघा. मावशी माळकरी, अंडंसुद्धा नाही. शुगर आहे म्हणून दहा वर्षं मेटफॉर्मिन चालू, आणि ॲसिडिटीची ती रिकाम्यापोटी घ्यायची गोळी पण कित्येक वर्षं. बी१२ भाजीपाल्यात नसतं, मांस-मच्छी-अंडी आणि दूध-दही यातूनच मिळतं, आणि या दोन्ही गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर आहे ते बी१२ पण शरीरात कमी शोषलं जातं. ही काही तिची एकटीची गोष्ट नाही. २००६ मध्ये पुण्यातल्या केईएमच्या संशोधकांनी खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले मिळून ४४१ पुरुष तपासले, त्यात ६७ टक्के लोकांचं बी१२ कमी होतं.

बी१२ चा कानाशी काय संबंध? नसांवर वायरच्या प्लास्टिकसारखं आवरण असतं, ते नीट राहायला बी१२ लागतं. कमी पडलं की पायाला मुंग्या येतात, तोल जातो, विसरायला होतं. १९९३ मध्ये इस्राएलच्या ११३ सैनिकांचा अभ्यास आला, सगळे मोठ्या आवाजात काम केलेले. ज्यांचं ऐकणंही कमी झालं होतं आणि कानही वाजत होते त्यांच्यात ४७ टक्के लोकांना बी१२ कमी, ज्यांचं ऐकणं नॉर्मल होतं त्यांच्यात १९ टक्के. यावरून बी१२ नंच कान वाजतात असं म्हणता येत नाही, आणि ज्यांचं बी१२ ठीक आहे त्यांनी इंजेक्शनं घेऊन काही उपयोग नाही. पण शाकाहारी आहात आणि कान वाजतोय, तर ही तपासणी मी तरी आधी करेन.

आणि यातली गंमत बघा. मावशीच्या पोटात रोजचं दूध जायचं ते मुख्यतः चहातून. चहा सोडला तेव्हा तेही गेलं.

(गॅसवर पातेलं, चहा वर येतो.)

तर चहाचा खटला. अमेरिकेत ६५ हजार नर्सेसची १८ वर्षं नोंद ठेवली गेली, २०१४ मध्ये निकाल आला की जास्त कॅफिन (चहा-कॉफीतलं तरतरी आणणारं द्रव्य) घेणाऱ्या बायकांमध्ये टिनिटस कमी निघाला. कॅफिनमुळेच कमी झाला असं यातूनही ठरत नाही, पण ते वाढवतं हे तर अजिबातच दिसलं नाही. त्याआधी ब्रिटनमध्ये ६६ लोकांना कुठल्या दिवसांत कॅफिन मिळतंय ते कळू न देता चाचणी केली होती, कान होता तसाच वाजत राहिला, फक्त कॅफिन काढल्यावर डोकेदुखी-मळमळ मात्र झाली. मावशीचे ते आठ दिवस म्हणजे हेच. ज्याला चहा प्यायल्यावर खरंच आवाज वाढलेला जाणवतो त्यानं कमी करून बघावा, बाकीच्यांनी उगाच शिक्षा भोगू नये.

मिठाचं थोडं वेगळं आहे. आतल्या कानात पाणी असतं, त्याचा दाब वाढला की कान भरल्यासारखा होतो, घुंघुं आवाज येतो, ऐकणं कमीजास्त होतं आणि घर गरगर फिरतं, ओकारी येते. १८६१ मध्ये पॅरिसच्या प्रॉस्पर मेनिएरनं चक्कर कानातून येऊ शकते हे दाखवलं म्हणून त्या आजाराला त्याचं नाव. त्यात डॉक्टर मीठ कमी करायला सांगतात, तसा पक्का पुरावा अजून हातात नाही, पण बीपीसाठी तरी पापड-लोणचं आवरलेलं बरंच, दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ हवं म्हणतात. मावशीला चक्कर कधीच नव्हती, त्यामुळे तिचा हा विषय संपला.

जे आपण खाण्यात धरत नाही पण रोज गिळतो ते म्हणजे गोळ्या. ॲस्पिरिन मोठ्या डोसमध्ये कान वाजवतं, इतकं हमखास की पूर्वी सांधेदुखीच्या पेशंटला कान वाजेपर्यंत डोस चढवत न्यायचे आणि मग एक पायरी खाली आणायचे. हे थांबवलं की बहुतेक थांबतं. (हार्टसाठीची रोजची छोटी गोळी मात्र आपल्या मनानं बंद करायची नाही, तिचा डोस खूप कमी असतो.) मलेरियाच्या क्विनाइननंही तेच होतं. टीबीसाठी दिलेली स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं मात्र त्या केसवाल्या पेशीच मारू शकतात, मग ते परत येत नाही. मावशीच्या वडिलांना ती दिली होती म्हणे, पुढे त्यांना कमी ऐकू यायचं, घरात सगळे म्हणायचे टीबीनं कान गेले.

आणि दुकानात कान वाजण्यावर म्हणून ज्या झिंकच्या, गिंको बिलोबाच्या महागड्या डब्या मिळतात, त्यावर पैसे घालवू नका. २०१४ साली अमेरिकेतल्या ईएनटी डॉक्टरांच्या संघटनेनं स्पष्ट लिहिलं, टिनिटससाठी सप्लिमेंट सुचवू नका.

(मावशीचा चेहरा, जवळून.)

हे मी तिला घरीच करायला लावलं. मावशी, दात घट्ट आवळ. आवळले. काय झालं? ती थांबली, परत आवळले, डोळे मोठे केले. अगं, आवाज वर चढला की! जबडा पुढे काढला तर अजून वेगळा. जबड्याच्या सांध्याच्या आणि मानेच्या नसा मेंदूत ऐकण्याच्या रस्त्यालाच जाऊन मिळतात, त्यामुळे कित्येक जणांचा आवाज असा बदलतो. काका म्हणाले ती रात्री झोपेत दात खाते. चार वर्षांत हे कुणी कुणाला सांगितलंच नव्हतं, कारण दातांचा कानाशी काय संबंध.

एवढं ऐकून घरी बसून राहू नका पण. आवाज ढब ढब असा नाडीच्या तालावर येत असेल तर तो वेगळा प्रकार, त्यात बीपी, थायरॉइड, हिमोग्लोबिन बघावं लागतं (२०१९-२१ च्या सरकारी पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला होता), कधी रक्तवाहिनीचाच दोष निघतो. एकाच कानात सतत असेल तर एमआरआय सांगतील, नसेवरची गाठ नाही ना बघायला. आणि एका सकाळी एकदम एक कान ऐकायचा बंद झाला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, पहिल्या काही दिवसांतच स्टिरॉइडचा उपयोग होतो, तेल घालून आठवडा काढला की ती वेळ निघून जाते.

मावशीची बी१२ ची इंजेक्शनं झाली, पायाच्या मुंग्या गेल्या. दातात घालायची गार्ड ती आठवड्यातून चार दिवस घालते, तीन दिवस विसरते. डाव्या कानाचा आवाज गेलेला नाही, जाईल असं डॉक्टरांनीही म्हटलेलं नाही. रात्री पंखा एकवर ठेवते, थंडीतसुद्धा, काका कुरकुर करत दोन गोधड्या घेतात. चहा सुरू आहे, साखर नाही.

शूटिंगच्या शेवटच्या संध्याकाळी आम्ही स्वयंपाकघरात बसलो होतो आणि लाइट गेली. मागचे लूम थांबले. सगळं गप्प. अंधारातच मी विचारलं, मावशी, वाजतंय?

वाजतंय की, ती म्हणाली. ते राहू दे, लाइट कधी येतीय विचार आधी, पाण्याची मोटर लावायचीय.